नाटककार म्हणजे नाटक लिहिणारा की नाटक करणारा?



'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कविता करणारा – कवी. भाषण करणारा – वक्ता. नाटक लिहिणारा – नाटककार. मुलं पाठ करतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. मीही दहा-बारा वर्षं हेच करत आले. डी.एड.ला असताना आम्हीही असंच पाठ केलं होतं. 'नाटककार' हा शब्द उघडून आत काय आहे ते पाहावं असं कधी वाटलंच नाही. मग चौथीतल्या एका मुलाच्या उत्तराने ते करायला लावलं. आधी तो प्रसंग सांगते, शब्दाकडे नंतर येऊ.

माझी शाळा सिंधुदुर्गात आहे, खेड्यातली. जत्रा सुरू झाल्या की मुलं रात्रभर धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, बघतात आणि सकाळी वर्गात पेंगतात. त्यातलाच हा एक मुलगा. लिहायला-वाचायला खूप मागे. जोडाक्षर आलं की अडतो, फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला दुप्पट वेळ लागतो. पण बोलायला उभा राहिला की वर्ग गप्प. स्नेहसंमेलनासाठी मी मुलांना म्हटलं, या वर्षी छापील नाटुकलं नको, आपणच काहीतरी करूया. आणि यानेच गोष्ट काढली. एक राजा पावसावर पट्टी बसवतो. ज्याच्या छपरावर पाऊस पडेल त्याने थेंब मोजून पैसे भरायचे. लोक हैराण. शेवटी संकासुर येतो आणि राजाच्या हातात फूटपट्टी देऊन गावातली सगळी छपरं मोजायला लावतो. सर्वांत मोठं छप्पर अर्थातच राजवाड्याचं निघतं.

राजाने कुठे चिडायचं, म्हातारीने थेंब मोजताना कुठे चुकायचं, संकासुराने कुठून यायचं, सगळं याने सांगितलं. रोज थोडं बदलायचं. शेवटी माझ्याच लक्षात राहीना म्हणून वर्गातल्या एका मुलीला मी सांगितलं, तुझं अक्षर छान आहे, तू वहीत उतरवून घे. तिने चार दिवस बसून सगळे संवाद नेटके लिहून काढले. कार्यक्रमाच्या दिवशी फलकावर मी रंगीत खडूने लिहिलं, 'लेखन :' आणि पुढे त्या मुलीचं नाव. मुलाचं नाव कलाकारांच्या यादीत, संकासुराच्या पुढे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनेच तर लिहिलं होतं!

आठवड्याभराने घटक चाचणी झाली. प्रश्न तोच, 'नाटक लिहिणारा – ______'. या मुलाने रिकाम्या जागेत त्या मुलीचं नाव लिहिलं होतं. मी हसले आणि लाल पेनाने फुली मारली. वह्या बाजूला ठेवल्यावर मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. मी विचारलं होतं, नाटक लिहिणारा कोण. त्याने बघितलेलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बोलावून विचारलं, अरे, नाटक तर तुझं होतं ना? तो म्हणाला, "बाईनू, माका लिवूक जमणा नाय. बोलूक जमता."

आता शब्दाकडे वळूया.

'नाटककार' शब्दाचे दोन तुकडे होतात, नाटक आणि कार. सोपा वाटणारा दुसरा तुकडा आधी घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. हा 'कार' संस्कृतच्या 'कृ' धातूपासून आलेला. कृ म्हणजे करणे. समासाचा विग्रह आपण मुलांना शिकवतोच : ग्रंथकार – ग्रंथ करणारा. व्याकरणाच्या पुस्तकात उपपद तत्पुरुष समासाखाली हे उदाहरण हमखास असतं, आणि त्याच्या शेजारी कुंभकार – कुंभ करणारा. म्हणजे समासाच्या पानावर आपण 'करणारा' शिकवतो आणि शब्दसमूहाच्या पानावर 'लिहिणारा'. पुस्तक एकच, शिकवणारी बाईही एकच!

हा कुंभकार म्हणजेच आपला कुंभार. बोलता बोलता मधला 'क' झिजून गेला. लोहकारचा लोहार झाला, सुवर्णकारचा सोनार, चर्मकारचा चांभार. या सगळ्यांच्या शेवटी जो 'आर' ऐकू येतो ना, तो हाच झिजलेला 'कार'. रोज हजार तोंडांतून गेलेले शब्द गुळगुळीत झाले. नाटककार, ग्रंथकार, चित्रकार हे शब्द पुस्तकातून आले, तोंडातोंडी तेवढे फिरले नाहीत, म्हणून त्यांच्या कडा अजून शाबूत आहेत. पण जात एकच, म्हणजे शब्दाची जात म्हणतेय मी. जो प्रत्यय मडकं घडवणाऱ्याला, तोच नाटक घडवणाऱ्याला.

हे वर्गात सांगून बघा. मुलांना 'कार' लागलेले शब्द शोधायला लावा. माझ्या वर्गात पहिला शब्द आला 'मारुती कार'. तो फळ्यावर लिहिलाच, पुसायला मजा येते म्हणून. मग आले गीतकार, संगीतकार, शिल्पकार, पत्रकार, कलाकार. मग ओंकार, नकार, होकार, आकार. इथे थोडं थांबावं लागतं. ओंकार म्हणजे ओम करणारा माणूस नव्हे. तिथे 'कार' त्या उच्चाराचं, अक्षराचं नाव सांगतो. अ-कार, उ-कार म्हणतो तसं. मुलांना हा फरक कळतो, फक्त एकच प्रश्न विचारायचा : हा शब्द माणसाचा आहे का? एका मुलीने 'शेतकरी' आणि 'वारकरी' आणले. त्यांत 'कार' नाही, पण 'करणे' आहेच. शेती करणारा, वारी करणारा. मी दोन्ही शब्द ठेवले.

जाता जाता, कारागीर, कारखाना, कारभार यांतला 'कार' आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'कार' म्हणजे काम. पण फारसी आणि संस्कृत या मुळात चुलत भाषा, त्यामुळे तो कारही कृ धातूचा लांबचा भाऊच. हे चौथीला सांगायची गरज नाही, आपल्याला माहीत असावं एवढंच.

आता पहिला तुकडा, नाटक. याच्या मुळाशी 'नट्' धातू आहे, आणि भाषेचे अभ्यासक सांगतात की 'नट्' हे 'नृत्' धातूचंच लोकांच्या बोलण्यातलं, प्राकृत वळणाचं रूप. नृत् म्हणजे नाचणे. त्याच नृत्याचं प्राकृतात णच्च झालं आणि मराठीत नाच. म्हणजे नाच आणि नाटक ही एकाच घरातली भावंडं. नट, नटी, नाट्य, नाटिका, नाटुकलं ही त्याच कुळातली. सणाला मुली नटतात ते नटणंही नटाकडूनच आलं.

नटांची परंपराही फार जुनी. पाणिनीने आपल्या व्याकरणात शिलालिन् आणि कृशाश्व यांच्या नटसूत्रांचा उल्लेख केला आहे. ती सूत्रं आज मिळत नाहीत, पण नटांच्या कलेचे नियम त्याच्याही आधी कुणीतरी सांगून ठेवले होते हे त्यावरून कळतं.

तेव्हा बघा, 'नाटक' या तुकड्यात अंगाची हालचाल आहे आणि 'कार' या तुकड्यात करणं आहे. कागद, शाई, लेखणी कुठेच नाही. 'नाटक लिहिणारा' हा अर्थ आपण वापराने त्यात भरला. तो चुकीचा नाही, आज शब्द त्याच अर्थाने वापरला जातो. पण मुळात शब्द तसं म्हणत नाही.

इथे एक हुशार मुलगा अडवतो, आणि अडवायलाच हवं. "बाई, नाटक करणारा म्हणजे तर नट!" बरोबर आहे. आपण बोलताना 'नाटक करतात' हे रंगमंचावरच्यांना म्हणतो. घरी तर 'नाटकं करू नकोस' म्हणजे सोंग करू नकोस. आजी नातवाला 'नाटक्या' म्हणते ते काही कौतुकाने नाही. (अर्थात कधी कधी कौतुकानेही.) मग करणाराचा अर्थ लेखक कसा? याचं उत्तर 'कविता करणे' मध्ये आहे. 'ती कविता करते' असं आपण म्हणतो, तेव्हा ती कविता रचते असा अर्थ असतो. 'कविता लिहिते' हेही म्हणतो, पण 'करते' अजून गेलेलं नाही. 'नाटककार' मधला 'कार' हा या रचण्याच्या अर्थाचा आहे.

करणारा आणि लिहिणारा वेगळे असू शकतात हे आपल्या परंपरेला नवीन नाही. मुलांनी मला स्वतःहून आठवण करून दिली : महाभारत लिहिलं कुणी? गणपतीने. केलं कुणी? व्यासांनी. आणि आपण महाभारताचे कर्ते म्हणून नाव कुणाचं घेतो? वर्ग एका आवाजात, "व्यासांचं!" मी मनात म्हटलं, मग फलकावर गणपतीचं नाव मीच लिहिलं की.

याहून जवळचं उदाहरण ज्ञानेश्वरीचं आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके 1212 चा, म्हणजे इसवी सन 1290 चा उल्लेख आहे. तिथे टीका ज्ञानेश्वरांनी 'केली' असं म्हटलंय आणि सच्चिदानंदबाबा 'लेखक' झाले असं म्हटलंय. लेखक हा शब्द तिथे लिहून घेणाऱ्यासाठी आहे! आज आपण लेखक म्हणतो त्याला तेव्हा 'कर्ता' म्हणत असणार. शिवाय 'लिख्' या धातूचा जुना अर्थ ओरखडणे. ताडपत्रावर टोकदार सळईने ओरखडायचं, ते लिहिणं. ते हाताचं काम होतं. मान त्यालाही होताच, सच्चिदानंदबाबांचं नाव सातशे वर्षं घेतलं जातंय. पण काम वेगळं होतं.

मग संस्कृत नाटकांच्या काळात कालिदासाला नाटककार म्हणत होते का? तिथे नेहमीचा शब्द होता कवी. नाटक हे काव्यच, फक्त डोळ्यांनी बघायचं, म्हणून दृश्यकाव्य. त्याला रूपक असंही नाव आहे आणि त्याचे दहा मुख्य प्रकार मानले. 'नाटक' हा त्यातला फक्त एक. धनंजयाच्या ग्रंथाचं नावच 'दशरूपक' आहे. नाटकाच्या सुरुवातीला सूत्रधार येऊन आज कुणाचं नाटक होणार ते प्रेक्षकांना सांगतो. 'मालविकाग्निमित्रा'च्या सुरुवातीला तर वादच घातलाय, की भासासारख्या नावाजलेल्या जुन्या कवींना सोडून या आजच्या कालिदासाचं नाटक का बघायचं? म्हणजे नाव जाहीर करणं हा नाटकाचाच भाग होता. आमच्या फलकासारखं, फक्त त्यांनी ते बरोबर केलं.

भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकमंडळीतल्या माणसांची एक यादी आहे. तिच्यात 'नाट्यकार' असा शब्द येतो. पात्रांमध्ये रस आणि भाव घालणं हे त्याचं काम सांगितलंय. मला त्या यादीत आवडतं ते हे की नाट्यकाराच्या शेजारीच मुकुट करणारा आहे, दागिने करणारा आहे, फुलांच्या माळा करणारा आहे. सगळे 'करणारे' एकाच रांगेत.

आणि सूत्रधार! हा शब्द तर आपल्या गावात रोज फिरतो, आपण ओळखत नाही इतकंच. सूत्र म्हणजे दोरी, सूत्रधार म्हणजे दोरी धरणारा. संस्कृतात सुताराला सूत्रधार म्हणत, आणि आपला 'सुतार' हा शब्द त्यातूनच घडला. सुतार अजूनही रंगात बुडवलेली दोरी लाकडावर ताणून धरतो, मधोमध टिचकी मारतो आणि सरळ रेघ उमटते. मुलांना हे बघायला घेऊन जा, नुसतं सांगू नका. नाटकाच्या सूत्रधाराची दोरी नेमकी कुठली यावर मतं दोन आहेत. कुणी म्हणतात कळसूत्री बाहुल्यांची, कुणी म्हणतात जागा आखण्याची. नाट्यशास्त्रात नाटकघर बांधण्याआधी जमीन दोरीने मोजायला सांगितली आहे आणि ती दोरी मध्येच तुटली तर मोठा अपशकुन मानलाय. मी माझ्या वर्गाला दोन्ही मतं सांगितली. बहुतेकांनी बाहुल्यांच्या बाजूने हात वर केले. एकाचे वडील सुतार आहेत, तो एकटा दुसऱ्या बाजूला होता आणि हटला नाही.

मोठ्या वर्गांना शिकवणाऱ्या मैत्रिणी विचारतात म्हणून इंग्रजी शब्दाबद्दलही सांगते. नाटककाराला इंग्रजीत 'प्लेराइट' म्हणतात. मुलं आणि खरं सांगायचं तर आपणही त्याचं स्पेलिंग चुकतो. 'राइट' म्हणजे लिहिणे असं समजून शेवटी डब्ल्यू-आर-आय-टी-ई लिहितो. बरोबर आहे डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी. हा 'राइट' लिहिण्याचा नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घडवणारा, कारागीर. गाड्याची चाकं करणारा तो 'व्हीलराइट', जहाज बांधणारा 'शिपराइट'. म्हणजे प्लेराइट हा तिकडचा कुंभार-लोहारच! उच्चार सारखा, पण लिहिण्याशी काही नातं नाही. आपल्या 'नाटककार' शब्दासारखीच गोष्ट, आणि दोन्ही शब्द एकमेकांना न विचारता घडले.

हा इंग्रजी शब्द सतराव्या शतकातला. आणि सुरुवातीला तो हिणवण्यासाठी वापरला गेला. शेक्सपिअरच्या काळातला बेन जॉन्सन हा स्वतः नाटकं लिहायचा, पण स्वतःला कवी म्हणवायचा. 1616 मध्ये छापलेल्या त्याच्या छोट्या टोमणेवजा कवितांमध्ये 'प्लेराइट' हे एका सुमार नाटकवाल्याला दिलेलं नाव आहे. जणू, हा कसला कवी, हा तर सुतारकाम करणारा! पुढे शब्दातला टोमणा गळून पडला आणि मान उरला. पण सुतारकामाला नाटकाने कमी लेखावं असं काही नव्हतं. लंडनमध्ये 1576 मध्ये नाटकांसाठी मुद्दाम जी 'द थिएटर' नावाची इमारत बांधली गेली ती जेम्स बर्बेजने. हा नट होता आणि त्याआधी धंद्याने सुतार. पुढे त्याच इमारतीचं लाकूड उतरवून 1599 मध्ये शेक्सपिअरच्या मंडळींचं 'ग्लोब' उभं राहिलं. शेक्सपिअरचे वडीलही हातमोजे करणारे कारागीर होते.

'ड्रामा' हा शब्द ग्रीक आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ पुन्हा तोच, करणे. ड्रामा म्हणजे केलेली गोष्ट.

आता परत घरी येऊ. मराठी रंगभूमीचा दिवस आपण 5 नोव्हेंबरला साजरा करतो, कारण 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केलं. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांचा त्यांना आश्रय होता. भाव्यांना आपण आद्य नाटककार म्हणतो. पण त्यांनी लिहिलं काय? पदं. सूत्रधार पद म्हणायचा आणि त्याच्या अर्थाला धरून पात्रं आपापलं भाषण जागच्या जागी करायची. सगळे संवाद लिहून, पाठ करून म्हणण्याची रीत नंतरची. भाव्यांनी हाताने लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा प्रेक्षकांसमोर आणल्या. पदं रचणारा, बाहुल्या घडवणारा, नटांना शिकवणारा, असा हा सगळ्या अर्थांनी 'कार'.

त्यानंतर लिखित नाटकं आली. जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' 1855 चं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' 1880 चं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' 1899 चं. देवल नटांना शिकवण्यासाठीही तितकेच नावाजलेले, त्यांना तालीममास्तर म्हणत. नाटक लिहायचं आणि मग ते दुसऱ्याच्या तोंडी घडवून घ्यायचं, दोन्ही त्यांनी केलं. हळूहळू छापील संहिता आली आणि करणाऱ्याच्या जागी आपल्या डोळ्यांसमोर लिहिणारा येऊन बसला.

आणि आमच्याकडचा दशावतार? तिथे आजही छापील संवाद नसतात. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण कुठला राजा, कोण राक्षस ते ठरतं, तोंडाला रंग लागतो आणि संवाद उभ्या उभ्या होतात. पहाटेपर्यंत. माझा विद्यार्थी हे लहानपणापासून बघत आलाय. त्याच्या लेखी नाटक असंच होतं. कागदावरून नाटक करायचं असतं ही माझी समजूत होती, त्याची नव्हती.

आता उत्तरपत्रिकेतल्या चुकांबद्दल दोन गोष्टी, कारण तपासताना त्या रोज समोर येतात. एक, 'नाटकार'. मुलं एक 'क' खातात, कारण बोलताना दोन क एकमेकांना चिकटतात. ना-टक्-कार असं ऐकू येतं. तुकडे पाडून दाखवले, नाटक अधिक कार, की पहिल्याचा शेवटचा आणि दुसऱ्याचा पहिला असे दोन्ही क हातात येतात. दुसरी, 'नाटककर'. एक काना गेला की माणसाचं आडनाव होतं! पुण्याचा पुणेकर, साताऱ्याचा सातारकर, तसा नाटक नावाच्या गावचा नाटककर. असं सांगितलं की मुलं हसतात आणि परत ती चूक सहसा करत नाहीत.

आणि एका मुलीचा प्रश्न, जो मला आधी सुचायला हवा होता. "बाई, नाटक करणारी असेल तर?" लेखक–लेखिका, कवी–कवयित्री, शिक्षक–शिक्षिका, मग नाटककार–? उत्तर आहे, नाटककारच. चित्रकार, पत्रकार, गीतकार यांच्यासारखाच हा शब्द बाईलाही तसाच लागतो. फरक क्रियापदात दिसतो : नाटककार आले, नाटककार आल्या. हिराबाई पेडणेकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'संगीत दामिनी' लिहिलं, त्या नाटककार. सई परांजपे नाटककार. झिजलेल्या शब्दांचं मात्र वेगळं झालं. कुंभाराची कुंभारीण, सोनाराची सोनारीण. यांचा अर्थ आपण पटकन 'त्याची बायको' असा घेतो. माती तुडवायला, मडकी वाळत घालायला तीही असते, पण शब्दात ती त्याच्या मागे उभी. नाटककार शब्दावर ती पाळी आली नाही हे बरंच झालं.

वर्गात घ्यायचं असेल तर मी असं घेते. फळ्यावर दोन रकाने. एकात 'करणारा', एकात 'लिहिणारा'. लेखक, लेखनिक, संवादलेखक, बातमी लिहिणारा वार्ताहर दुसऱ्यात. कुंभार, लोहार, चित्रकार, नाटककार पहिल्यात. पत्रकार कुठे टाकायचा यावर भांडण होतं, होऊ द्या. मग तिघातिघांचे गट. एकाने प्रसंग रचायचा, फक्त तोंडाने. दुसऱ्याने उतरवून घ्यायचा. तिसऱ्याने वाचून दाखवायचा. दर आठवड्याला कामं फिरवायची, म्हणजे लिहायला घाबरणाराही कधीतरी लिहितो आणि सुंदर अक्षरवालीलाही कधीतरी रचावं लागतं. शेवटी तिघांची नावं, प्रत्येकाच्या कामासकट. पालकांनी घरीही हे करून बघावं. मूल गोष्ट सांगत असेल तर ती तुम्ही लिहून घ्या, शब्द न सुधारता, आणि वर नाव त्याचं घाला. त्याच्या लिहिण्याच्या सरावाला पर्याय म्हणून नव्हे, तो सराव चालूच ठेवायचा आहे. मीही त्या मुलाचं लेखन सोडलेलं नाही. पण त्याला जे येतं ते लिहिता येईपर्यंत थांबवून ठेवायचं कशाला?

चाचणीतला तो प्रश्न मी आता बदललाय. 'नाटक रचणारा – ______' असा घालते. त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवरची फुली खोडून मी अर्धा गुण दिला, उरलेला अर्धा माझ्याकडून गेला होता असं त्याला सांगितलं. त्याला ते फारसं कळलं नाही.

मग ती नाटकाची वही काढली. दोघांना जवळ बसवलं. पहिल्या पानावर मी लिहिलं, 'नाटककार :' आणि त्याचं नाव, खाली 'लेखनिक :' आणि तिचं नाव. मुलगी वाचून म्हणाली, "बाई, गणपतीसारखं?" मी हो म्हटलं, ती खूश. मुलाने वही ओढून घेतली. बोट ठेवत एकेक अक्षर वाचलं, ना, ट, क, का, र. परत पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईनू, दोन क आसत."